एक लेन्स, एक गाव: वाईचे पाच दिवस

छोटा मिररलेस कॅमेरा घेतला की बहुतेकांची पहिली एक-दोन वर्षं लेन्सा बदलण्यात आणि दुसऱ्यांचे प्रीसेट (फोटोच्या रंगांच्या तयार मांडण्या) उतरवून घेण्यात जातात. फोटो सुधारतात, पण दहा जणांच्या फोटोंत आपले कोणते ते ओळखू येत नाहीत. आमच्या मते स्वतःची शैली तीन सवयींतून घडते: माणसापासून किती अंतरावर उभं राहायचं, उजेड कुठल्या बाजूने घ्यायचा आणि चौकटीतून काय वगळायचं. रंगाचा नंबर त्यानंतर. या सवयी आपल्याला स्वतःला दिसायला हव्या असतील तर जागा लहान हवी, दिवस सलग हवेत आणि लेन्स एकच हवी. म्हणून जानेवारीच्या शेवटी पाच दिवस, मुक्काम वाई.

वाई निवडायचं कारण साधं आहे. कृष्णेचे घाट, पेशवाईतली देवळं, बाजार आणि जुने वाडे सगळं पायी फिरण्यासारखं आहे. शिवाय काळा दगड, पांढरा चुना, शेंदूर आणि हळद, म्हणजे कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) जिथे हमखास चुकतो त्या सगळ्या गोष्टी इथे शेजारी शेजारी सापडतात.

पहिला दिवस: पुणे ते वाई, आणि तीन मीटर

स्वारगेटहून निघालेली एसटी खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला महामार्ग सोडते आणि वाईत शिरते. अंतर साधारण ९० किलोमीटर, वेळ अडीच-तीन तास. तेवढ्या वेळात कॅमेऱ्याची मांडणी पुरी होते, आणि ती एकदा केली की पुढे सांगितलेले अपवाद सोडून पाच दिवस मेनूत हात घालायचा नाही.

इथले आकडे फुजीफिल्म एक्स-ई४ आणि २७ मिमी एफ/२.८ लेन्सचे आहेत. बॅटरीसकट बॉडी ३६४ ग्रॅम, लेन्स ८४ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आत. फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात ही लेन्स ४१ मिमी पडते. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर ४० मिमीच्या आसपासची कुठलीही लहान प्राइम (झूम नसलेली) लेन्स चालेल. झूम मात्र घरी ठेवावी. झूम असली की पाय हलत नाहीत, आणि पाय हलले नाहीत की आपलं अंतर कुठलं ते कळत नाही. सोबत दोन जादा बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं, रबरी फुंकणी, मायक्रोफायबरचा रुमाल आणि ३९ मिमीचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर). पट्टा मनगटाचा घ्यावा. गळ्यात लटकणारा कॅमेरा घाटाच्या पायऱ्यांवर वाकलं की दगडावर आपटतो.

मांडणी अशी: रॉ (कच्ची फाइल) अधिक जेपेग, क्लासिक क्रोम (फुजीचा एक रंगढंग), कलर −१, हायलाइट −१, नॉइज रिडक्शन −४, कलर क्रोम इफेक्ट स्ट्राँग, डायनॅमिक रेंज (उजळ भाग जळू न देणारी सोय) २००. या डायनॅमिक रेंजसाठी कॅमेऱ्याला किमान आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२० लागतो, म्हणून ऑटो आयएसओची हद्द ३२० ते ६४०० आणि सर्वांत कमी शटर १/२५० सेकंद. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कशाला धरायचं ते) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर पक्का करायचा. ऑटो व्हाइट बॅलन्स सकाळचा निळेपणा आणि संध्याकाळचा पिवळेपणा दोन्ही पुसून टाकायला बघतो, आणि तेही प्रत्येक फ्रेमला वेगळ्या प्रमाणात. त्यामुळे एकाच घाटाचे वीस फोटो वीस गावांचे वाटतात. डेलाइटवर सकाळ थंड येते, दिवेलागण तांबूस येते, आणि तेच खरं असतं.

वाईत पोचल्यावर दुपारी साडेतीनला गणपती घाटावर यायचं आणि पहिला तास फक्त अंतराचा सराव करायचा. या लेन्सने तीन मीटरवर आडव्या चौकटीत साधारण २.६ मीटर रुंदी आणि १.७ मीटर उंची मावते. म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम बसतो. दीड मीटरवर तोच माणूस कमरेपासून वर. सहा मीटरवर माणूस चौकटीच्या निम्म्या उंचीचा होतो आणि मागचं देऊळ बोलायला लागतं. तीन मीटर म्हणजे मोठ्यांची चार पावलं. घाटाच्या एका पायरीपासून चार पावलं मोजून कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकटीच्या कडा कुठे येतील ते सांगायचं, मग लावून बघायचं. वीस-पंचवीस वेळा केलं की चूक एका विताच्या आत येते.

दुसरं काम फोकसचं. या लेन्सची मोटर जुन्या धाटणीची, थोडी आवाज करणारी आणि मंद. चालत्या माणसाच्या मागे तिला पळवण्यापेक्षा मॅन्युअल फोकस ३ मीटरवर आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवलं तर साधारण १.८ मीटरपासून साडेआठ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्वच्छ येतं. मात्र व्ह्यूफाइंडरमधली फोकसच्या खोलीची पट्टी मूळच्या पिक्सेल हिशेबावर असते आणि फारच अरुंद दिसते. मेनूतून ती फिल्मच्या हिशेबावर घ्यावी, नाहीतर सगळं आउट आहे असं वाटून हात परत ऑटो फोकसकडे जातो. कॅमेरा झोपेतून उठला की ठरवलेलं अंतर तेच आहे ना, हे दर वेळी बघावं.

दुसरा दिवस: धुकं, काळा दगड आणि शेंदूर

या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण वाई डोंगरांच्या कुशीत असल्याने ऊन पाण्यापर्यंत यायला आणखी वेळ लागतो. साडेसहाला घाटावर असलं की पाऊण-एक तासाचा सावळा, सावली नसलेला उजेड मिळतो. थंडी पुरेशी असेल तर पाण्यावर धुक्याचा थर असतो.

धुक्यात दोन गोष्टी बिघडतात. एक, ऑटो फोकस धरायला कड सापडत नाही आणि लेन्स पुढे-मागे होत राहते. अशा वेळी फोकस पायरीच्या धारेवर किंवा देवळाच्या कोपऱ्यावर बसवायचा. दोन, मीटर धुक्याला मध्यम करडं करून टाकतो. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) ढीग मधोमध गोळा झालेला दिसतो आणि फोटो मळका येतो. एक्स्पोजर +२/३ स्टॉप केलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) की धुकं पांढरं होतं. काँट्रास्ट मात्र वाढवू नये. धुक्यातला फोटो घरी येऊन एडिटिंगमधल्या क्लॅरिटीने ताणला की उरतो तो नुसता डाग.

उजाडल्यावर उलट प्रकरण. घाटाचा दगड काळा, ओला झाला की अधिकच काळा. चौकट दगडाने भरली की मीटर त्याला उजळवतो आणि दगड खडूसारखा भुरा येतो. −२/३ पासून −१ पर्यंत खाली आणलं की दगड दगडासारखा दिसतो. आता त्याच चौकटीत पांढरं धोतर वाळत असेल तर? ते −१ वर नीट येतं, कारण ऊन कपड्यावर आहे आणि एक्स्पोजर उन्हाचं आहे. नवशिक्यांना शॅडो काळ्या झाल्याची भीती वाटते. पण वाईचा घाट मुळात काळा आहे. काळ्याला काळं राहू द्यायचं ठरवलं, तर तो शैलीतला पहिला ठाम निर्णय झाला.

गणपती आळीतलं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. देवळाची नदीकडची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. बहुतेक फोटो समोरून, कळसासकट काढलेले असतात आणि त्यांत ही भिंत येतच नाही. तिच्या बाजूला जाऊन, उजेड तिरपा असताना, तीन मीटरवरून फक्त वळण आणि सांधे घ्यावेत. समोरून पडलेल्या उजेडात गोलाई सपाट होते. कडेने आलेल्या उजेडात प्रत्येक थराखाली बोटभर सावली पडते आणि भिंत का वळली आहे ते फोटोत कळतं. शेजारी रास्ते घराण्यानेच १७५७ साली बांधलेलं काशी विश्वेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या नंदीच्या अंगावरचे कोरलेले दागिने हा कडेच्या उजेडाचा चांगला धडा.

मग शेंदूर. घाटावरच्या देवळ्यांतून, कोनाड्यांतून शेंदूर फासलेले देव बसलेले असतात. त्यांचा फोटो काढला की नेहमी एक केशरी गोळा येतो, ज्यात डोळे सोडून काहीच नसतं. कारण असं, की शेंदरी रंगात फोटोच्या लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलपैकी (रंगांच्या थरांपैकी) लाल एकटाच भरून वाहतो आणि साधा हिस्टोग्राम सरासरी उजेड दाखवत असल्याने त्याला ते कळत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम एका बटणावर लावून घ्यावा आणि लाल ढीग उजव्या भिंतीला चिकटला की −२/३, −१, गरज पडली तर −१ १/३ पर्यंत जावं. कलर क्रोम इफेक्ट स्ट्राँग ठेवला तो याचसाठी. गडद रंगांतली पातळी तो राखतो. आता बघा: शेंदराचे एकावर एक बसलेले पापुद्रे, एका कडेला उकललेला थर आणि आतला जुना, विटकरी झालेला रंग, कपाळावर तेल ओघळून तयार झालेली चकाकती रेघ, तिला चिकटलेला झेंडूच्या पाकळीचा तुकडा. हे सगळं तिथे आधीपासून होतं, दोन तृतीयांश स्टॉपच्या पलीकडे.

माणसांबद्दल एक नियम आधीच ठरवावा. आंघोळ करणाऱ्यांचे फोटो नाहीत, कपडे धुणाऱ्या बायकांचे विचारल्याशिवाय नाहीत. "मावशी, हंडा घासताना एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. नाही म्हणाल्या तर पुढे जायचं. हो म्हणाल्या तर लगेच क्लिक करू नये. पहिली दोन मिनिटं माणूस कॅमेऱ्यासाठी ताठ असतो, नंतर हात आपल्या लयीत येतात. चिंचेने घासलेलं तांबं आधी गुलाबी होतं, मग पाण्याने धुतल्यावर एकदम लाल-सोनेरी. तो पाण्याचा तांब्या रिकामा होतानाचा क्षण १/५०० ला थांबतो. १/१००० ला थेंब काचेच्या मण्यांसारखे सुटे होतात, १/६० ला पाण्याची दोरी होते. तिन्ही घेऊन बघावे, आणि पुढचे दिवस एकच वापरावं.

संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर दिवसभराचे फोटो लॅपटॉपवर आणि बाहेरच्या ड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी उतरवायचे. रोजची मर्यादा १५० फ्रेमची, त्यातून दहा निवडायच्या. निवडताना सुंदर काय आहे ते बघू नका, पुन्हा पुन्हा काय येतंय ते बघा.

तिसरा दिवस: मेणवली

वाईहून मेणवली साधारण तीन किलोमीटर, पायी पाऊण तास. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा घाट आणि घाटावर मेणवलेश्वराचं देऊळ. चित्रपटांतून हा घाट इतक्यांदा दिसला आहे की प्रत्येकाच्या डोक्यात त्याची एक तयार चौकट आहे: वडाची फांदी वर, पायऱ्यांची कोर खाली, पाणी मध्ये. ती चौकट पहिल्या दहा मिनिटांत काढून टाकावी. दाबून ठेवली तर दिवसभर डोळ्यापुढे येत राहते.

घाटाजवळच्या छोट्या देवळीवजा बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. घंटेच्या मागे आकाश असल्याने समोरून फोटो काढला की काळी आकृती येते. शॅडो उचलून ती वाचवायच्या मागे लागू नये. बाजूला सरकून घंटेच्या मागे भिंत येईल असं उभं राहावं. तेवढ्याने पार्श्वभूमी दोन-तीन स्टॉप खाली येते. ही लेन्स ३४ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि तिथे चौकटीत साधारण २३ सेंटिमीटर रुंदी मावते. आकृती आणि तिच्याभोवतीचा धातू तेवढ्यात बसतो. एवढ्या जवळ एफ/२.८ ला फोकसची खोली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचीच असते आणि घंटेचं अंग गोल. म्हणून एफ/८, आणि शटर १/१२५ च्या खाली जाऊ न देता आयएसओ वर जाऊ द्यायचा.

वाड्यात शिरलं की दिवसातलं खरं काम सुरू होतं. वाडा खासगी आहे. तिकीट आणि फोटोंची परवानगी दारातच विचारून घ्यावी आणि फ्लॅश पिशवीतसुद्धा नसावा, कारण आत भिंतींवर जुनी चित्रं आहेत. एकामागे एक सहा चौक आहेत. चौकात ऊन, सोप्यात सावली, त्याच्या आतल्या खोलीत अंधार. उन्हापासून सोप्यापर्यंत पाच-सहा स्टॉपचा फरक सहज असतो. आतल्या खोलीपर्यंत आणखी तीन-चार.

इथे प्रत्येकाला ठरवावं लागतं, की उजेडासाठी मोजायचं का सावलीसाठी. सोप्यासाठी मोजलं तर चौक पांढरा जळून जातो आणि लाकडाच्या खांबांच्या कडा धूसर होतात. उन्हासाठी मोजलं तर खांब निव्वळ काळे पट्टे. डायनॅमिक रेंज ४०० लावली तर कॅमेरा आतून दोन स्टॉप कमी एक्स्पोजर घेऊन मधले आणि गडद भाग उचलतो. त्याला किमान आयएसओ ६४० लागतो आणि सावलीत थोडा दाणा येतो. वाड्यासाठी हा सौदा आम्हाला मान्य आहे. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे चौकट बदलणं: ऊन चौकटीच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त ठेवायचं नाही. उंबऱ्यावर पडलेली उन्हाची एक फळी, तिच्यात उडणारी धूळ, आणि तिथून परतलेल्या उजेडात तुळईचं कोरीव टोक. एवढ्या उन्हाला −१ दिलं की सावली आपोआप पुरेशी खोल राहते.

दोन चौकांच्या मधल्या दारात उभं राहिलं की परतलेला उजेड वाड्यातला सर्वांत गुणी उजेड असतो. फरशीवरून वर उसळून येत असल्याने तो हनुवटीखालची सावली भरतो. सावळ्या त्वचेसाठी तो फार चांगला. वाड्यात राखणदार किंवा पाहुणे फोटोला तयार झाले तर त्यांना उन्हात न नेता दाराच्या आत दोन पावलं उभं करावं आणि तोंड चौकाकडे. सावळ्या चेहऱ्यामागे पांढरी भिंत असली की मीटर भिंतीला मानतो आणि चेहरा बुडतो. तिथे +१. मागे अंधार असला तर −१/३.

कॅमेऱ्यात स्थिरीकरण नाही. हातात धरून ४१ मिमीच्या कोनाला १/६० ही शहाणी खालची मर्यादा, आणि खांबाला खांदा टेकवला तर १/३०. एफ/२.८, १/६०, आयएसओ ३२०० वर वाड्यातल्या आतल्या खोल्यांचं काम होतं. नॉइज रिडक्शन −४ असल्याने दाणा फिल्मसारखा बारीक राहतो. ० वर ठेवला तर लाकडाच्या रेषा आणि त्वचा दोन्ही मेणासारख्या गुळगुळीत होतात, आणि हे जेपेगमध्ये नंतर दुरुस्त होत नाही.

आत कुठे एलईडीचे दिवे लावलेले असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करावं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम ओळीओळीने वाचतं आणि भिंतीवर काळे-पिवळे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की दिव्याचं आवर्तन पुरं मिळतं आणि पट्टे जातात. १/२५० ला मेकॅनिकल शटरसुद्धा एक फ्रेम उजळ, एक फ्रेम मंद असं देतं.

संध्याकाळच्या निवडीत बहुधा पहिल्यांदा काहीतरी दिसतं. घाटाचे फोटो सहा मीटरचे आणि वाड्याचे दीड मीटरचे, असे दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे येतात. तसं दिसलं तर घाबरू नये, पण दोन्ही ढिगांतले कोणते फोटो परत बघावेसे वाटतात ते नोंदवून ठेवावं.

चौथा दिवस: लिंबची विहीर

पुणे–सातारा महामार्गावरून थोडं आत लिंब गाव. तिथली बारा मोटांची विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांच्या देखरेखीखाली १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधली गेली. मुख्य विहीर अष्टकोनी, खोली ११० फूट, व्यास ५० फूट, वरून बघितली तर शिवलिंगाचा आकार. विहिरीच्या पोटात पायऱ्या, कमानी आणि एक छोटा महालच आहे.

४१ मिमीच्या लेन्सने ही विहीर मावत नाही. ५० फूट म्हणजे सुमारे १५ मीटर. तेवढी रुंदी चौकटीत घ्यायला १७ मीटर मागे जावं लागेल, आणि काठावर एवढी जागाच नाही. वाइड लेन्स नसल्याची हळहळ इथे प्रत्येकाला होते. पण वाइडने घेतलेले सगळे फोटो एकच आहेत: वरून, मध्यभागी, वाकडे काठ. एकाच लेन्सने तुकडे घ्यावे लागतात. मोटेच्या जागेचा दगड, कमानीतून समोरच्या भिंतीवर पडलेली कमानीचीच सावली, पायरीवर थांबलेलं पाणी. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशांच्या कोनातून बघत पोलरायझर फिरवला की आकाशाचं प्रतिबिंब विरतं आणि पाण्याखालचे थर दिसतात. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, खालच्या मजल्यावर तो काढून ठेवावा. पायऱ्या ओल्या असतात. कॅमेरा डोळ्याला लावून मागे पाऊल टाकायचं नाही.

साडेअकरानंतर ऊन सरळ आत उतरतं आणि सगळं सपाट होतं. तेव्हा परत फिरायचं.

वाटेत या दिवसांत हळद शिजवून वाळत घातलेली दिसते. अंगणभर पिवळं. तिथे लाल आणि हिरवा असे दोन्ही चॅनेल एकदम वाहतात, शेंदराहूनही लवकर. −१ आणि कलर −२ केल्याखेरीज हळकुंडांच्या गाठी वेगळ्या दिसत नाहीत. हळदीच्या धुळीपासून कॅमेरा जपावा. ही लेन्स हवामानाला तोंड देते, बॉडी देत नाही. काम झालं की लेन्स खाली धरून फुंकणी मारायची, मगच रुमाल. आधी रुमाल फिरवला तर धुळीचा कण काचेवर घासला जातो.

पाचवा दिवस: जमिनीवर पन्नास प्रिंट

चार दिवसांचे रोज दहा आणि राहून गेलेले दहा असे पन्नास फोटो सकाळी लॅबमध्ये ४ × ६ इंचात छापून घ्यायचे. फाइल १८०० × १२०० पिक्सेल, एसआरजीबी रंगपद्धतीत. आणि लॅबवाल्या दादांना स्पष्ट सांगायचं: "ऑटो करेक्शन बंद ठेवा." नाहीतर मशीन प्रत्येक फोटो स्वतःच्या अंदाजाने उजळवतं, काळा घाट राखाडी होऊन येतो आणि चार दिवसांची मेहनत जाते. ठरावीक पाच फोटो आधी छापून, दिवसाच्या उजेडात बघून, मग बाकीचे टाकावेत. स्क्रीन फार उजळ ठेवून एडिट केलं असेल तर प्रिंट गडद येतात. तसं झालं तर लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणून पुन्हा बघावं.

प्रिंट जमिनीवर पसरायचे आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहायच्या: अंतर किती, उजेड कुठून, कॅमेरा किती उंचीवर आणि चौकटीचा रिकामा भाग कुठे. मग फोटो उलटे करून फक्त नोंदींवरून ढीग लावायचे. सुलट्या बाजूने ढीग लावले तर विषयानुसार लागतात: घाट, वाडा, माणसं. उलट्या बाजूने लावले की आपला हात दिसतो. पन्नासपैकी तीस फोटो दीड-दोन मीटरचे असतील, उजेड डावीकडून असेल आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर असेल, तर ती आपली सध्याची जागा. रिकामा भाग बहुतेक वेळा वर असेल तर कपाळावर आकाश घ्यायची सवय आहे. ती ठेवायची की मोडायची, हे आता डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

यात रंगाचा एक प्रश्न येतो. सगळे फोटो कृष्णधवल करून बघण्याचा मोह होतो, कारण कृष्णधवलात विसंगती झाकल्या जातात. छायाचित्रकार रघुबीर सिंह आयुष्यभर भारत रंगात बघत राहिले आणि कृष्णधवल ही आपल्या इकडची दृष्टी नाही असं आग्रहाने मांडत राहिले. त्यांचं मत पूर्ण मानायलाच हवं असं नाही. पण वाईतून शेंदूर, हळद आणि तांबं काढून घेतलं तर काय उरतं, ते पन्नासपैकी पाच फोटो दोन्ही प्रकारे छापून शेजारी ठेवून बघावं. ज्या फोटोत रंग काढल्यावर काहीच कमी होत नाही, तो फोटो मुळात रंगाचा नव्हताच. रॉ ठेवलेली असल्याने कॅमेऱ्यातच ॲक्रॉसमध्ये (फुजीच्या कृष्णधवल ढंगात) बदलून जेपेग काढता येतं.

पन्नासातून बारा ठेवायचे. सूर्यास्त आधी बाहेर, मग ज्यांना मथळ्याची गरज पडते ते, मग एकाच गोष्टीचे दोन असतील तर एक. राहिलेल्या बारांवरून एका कागदावर तीन ओळी लिहायच्या, आज्ञेसारख्या. उदाहरणार्थ: दोन मीटरपेक्षा लांब नाही. उजेड कडेचा. आकाश नाही.

त्या तीन ओळी घेऊन चार वाजता परत पहिल्याच पायरीवर. पहिल्या दिवशी जिथे चार पावलं मोजली होती तिथे आता दोनच. एफ/५.६, फोकस दोन मीटरवर. या मांडणीत साधारण १.५ ते २.९ मीटरचाच पट्टा स्वच्छ येतो, म्हणून पावलं पहिल्या दिवसापेक्षा काटेकोर मोजावी लागतात. मावशी तिथेच भेटल्या तर त्यांच्या हंड्याचा प्रिंट त्यांना द्यायचा. तासाभरात तीसपेक्षा जास्त फ्रेम होत नाहीत, आणि तीसातल्या सात-आठ बारांच्या शेजारी ठेवण्याजोग्या निघतात.

साडेसहानंतर गंगापुरीच्या घाटावर उजेड १/१२५, एफ/२.८, आयएसओ १६०० पर्यंत उतरतो. पुण्याची गाडी धरायच्या आधी कार्डाची प्रत झाली आहे ना ते बघायचं, कार्ड फॉरमॅट करायचं नाही. बारा प्रिंट पाकिटात घालून त्यावर तारीख लिहायची आणि पावसाळ्यात तेच पाकीट घेऊन इथेच यायचं. तेव्हा खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतील, दगड दिवसभर ओला असेल आणि कडेचा उजेड क्वचितच मिळेल. बॉडीला पाण्यापासून संरक्षण नाही, म्हणून उभं राहायला छपराखालची जागा लागेल. ती आत्ता, पाणी खाली असताना, हेरून ठेवावी. दोन मीटरची मोजणी तिथूनच करायची आहे.